मोरस साखर आणि पांच रुपयांचा संसार

महाराष्ट्रांतील जुन्या पिढीच्या बोलण्यांत पांढऱ्या, दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ असें नांव होतें. गूळ घरचा, काकवी गुऱ्हाळावरची, आणि सणावाराला किंवा पाहुण्यांच्या चहाला लागणारी ती मोरस. हें नांव मॉरिशस बेटावरून पडलेलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बेटाची साखर मुंबई बंदरांत मोठ्या प्रमाणावर उतरूं लागली आणि मालाबरोबर त्याचें नांवही वाण्याच्या यादींतून घराघरांत शिरलें. पुण्याच्या पेठांतून सत्यनारायणाच्या शिऱ्याला ही साखर पडे. परंतु ज्या उंसाची ती होती, तो ऊंस तोडणाऱ्या हातांपैकीं कांहीं हात रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर आणि सातारा या मुलखांतून गेलेले होते, ही गोष्ट तो शिरा खाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल.

इतिहास म्हणजे लढाया, तह आणि राजवंशांच्या याद्या, अशी समजूत पुष्कळांची असते. पण घरधनिणीनें भिंतीवर कोळशानें ओढलेल्या रेघा आणि वाण्याची लाल वही यांतही इतिहास असतो. किंबहुना सामान्य माणसाचा इतिहास बहुतांशीं तेथेंच सांपडतो. परक्या बेटावर जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांची मिळकत किती, खर्च किती आणि वर्षाकांठीं हातीं काय उरे, हा हिशेब मांडून पाहिला म्हणजे एका मोठ्या अन्यायाची कथा आपोआप उलगडते. त्या कथेचा एक धागा पुणे शहरापर्यंतही येऊन पोंचतो.

मॉरिशस हें हिंदी महासागरांतील सुमारें ७२० चौरस मैलांचें बेट. पुणे जिल्ह्याचे आठ तुकडे केले तर त्यांतील एकाएवढें. १६३८ सालीं डच लोकांनीं तेथें पहिली वसाहत केली. ते गेल्यावर १७१५ सालीं फ्रेंच आले, आणि १८१० सालीं इंग्रजांनीं बेट जिंकून घेतलें. १८२५ सालीं इंग्लंडनें मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खालीं आणली आणि बेटावर जिकडे तिकडे उंसाची लागवड सुरू झाली. तिला हात लागत होते ते आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथील गुलामगिरी कायद्यानें रद्द झाली. मळेवाल्यांनीं तिच्या आधींच दुसरी सोय पाहून ठेविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून निघालेलें ‘अ‍ॅटलास’ हें जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागलें. तेथपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून या एका बेटावर गेलीं. मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणसांचा भरणा होता.

जातांना त्यांच्याकडून एका करारावर अंगठा घेतला जाई. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचें लोकांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें आणि त्यावरून या मजुरांना गिरमिटिये म्हणूं लागले. करारांतील अटी ऐकावयास वाईट नव्हत्या. महिना ५ रुपये मजुरी. शिवाय शिधा, राहावयास झोंपडी, आजारांत औषध आणि वर्षाचे कपडे. शिध्यांत साधारणतः रोजचे दोन पौंड तांदूळ, म्हणजे जवळजवळ एक बंगाली शेर, आणि त्यावर डाळ, मीठ, तेल. कपड्यांत धोतर, कांबळें, टोपी.

या अटींतील तांदुळाचा शब्द कोंकणी माणसाच्या कानाला किती गोड लागला असेल, हें समजण्यास रत्नागिरीकडील तेव्हांची गरिबी डोळ्यांपुढें आणली पाहिजे. भात पिकविणारा तो मुलूख. पण कुळाच्या घरीं रोज शिजे ती नाचणी आणि हरीक. भात खोताच्या वाट्याला जाई. कष्टकऱ्याच्या ताटांत तो सणावारीं पडे. जेथें नाचणीही बारा महिने पुरत नव्हती, तेथें ‘रोज शेरभर तांदूळ आणि वर पांच रुपये रोख’ हें आमिष पुरेसें होतें. मुंबईच्या बंदरावर काम शोधावयास आलेला घाटी किंवा कोंकणी गडी भरतीवाल्याच्या हातीं सांपडला, कीं बेट किती दूर आहे, तेथें मुकादम कसा आहे, हें विचारावयास त्याला सवड मिळत नसे. शिडाच्या जहाजांतून पाण्यावरचे अनेक आठवडे काढल्यावर तो पोर्ट लुईच्या धक्क्यावरील १६ पायऱ्या चढून जाई, आणि तेथें त्याच्या नांवाला नंबर जोडला जाई.

आतां जमेची बाजू पाहूं. महिना ५ रुपये म्हणजे वर्षाचे ६०; पांच वर्षांच्या गिरमिटाचे, वाढ न धरतां, ३००. कागदावरची ही रक्कम. पण ती हातीं पडण्यापूर्वीं तिला अनेक वाटा फुटत. सुरुवातीच्या करारांत सहा महिन्यांची मजुरी ‘उचल’ म्हणून आधीं देत, आणि तिचा पुष्कळसा भाग बंदर सोडण्यापूर्वींच दलालाच्या खिशांत जाई. फेड मात्र मजुराच्या नांवावर. परतीच्या भाड्यासाठीं दरमहा एक रुपया कापून ठेवण्याचीही वहिवाट त्या काळीं होती. म्हणजे पांचाचे चार झाले, आणि त्या चारांतून उचल फेडावयाची.

याहून घातक होती ती दुहेरी कपात. एक दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापावयाची, असा हा नियम. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर ५ रुपयांच्या, म्हणजे ८० आण्यांच्या हिशेबानें दिवसाची मजुरी तीन आण्यांहून किंचित् अधिक पडते. पांच दिवस खाडा झाला कीं दहा दिवसांची मजुरी, म्हणजे जवळजवळ दोन रुपये गेले. १३ दिवस खाडा झाला, तर उरलेले १३ दिवस उन्हांत राबूनही महिन्याची मजुरी शून्य. हजेरी मांडणारा मळेवाल्याचाच माणूस. गडी तापानें आजारी आहे कीं आळसानें बसला आहे, हें ठरविणाराही तोच. शिवाय रविवारीं सकाळीं जनावरांचा गोठा आणि आवार झाडून काढण्याचें काम असे तें वेगळेंच; तें बिनमजुरीचें. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात.

उरलेली मजुरी तरी वेळेवर मिळे काय? अनेक मळ्यांवर दोन-दोन, तीन-तीन महिने ती थकत असे. महिन्याचा पगार तिसऱ्या महिन्यांत मिळूं लागला, कीं मधले दोन महिने उधारीवर काढावे लागतात, हें कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. थकलेली मजुरी हें मजुराला बांधून ठेवण्याचें साधनही होतें. बाकी बुडेल या भीतीनें गिरमिट संपल्यावरही तो त्याच मळ्यावर पुन्हा अंगठा उठवी. उचल आणि खाडा हे दोन्ही शब्द महाराष्ट्रांतील ऊंसतोडणीच्या फडांत आजही चालतात. उंसाच्या धंद्यानें मजूर बांधून ठेवण्याच्या या युक्त्या किती चिवटपणें जपल्या आहेत, तें यावरून दिसतें.

आतां खर्चाकडे वळूं. शिधा होता तो काम करणाऱ्या गड्याचा. बायको गिरमिटांत नसली तर तिला शिधा नाहीं. लहान मुलांना तर नाहींच. मळेवाल्यांना हात हवे होते, कुटुंब नको होतें. पुढें सरकारनें परदेशीं जाणाऱ्या मजुरांत शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया असाव्या असें प्रमाण ठरविलें, त्याचें कारणही हेंच. तेव्हां बायको आणि दोन मुलें असलेल्या गड्यानें एकाच्या शिध्यांत चौघांचीं तोंडें भरावयाचीं, किंवा चार-पांच रुपयांतून विकतचा तांदूळ आणावयाचा.

तो विकतचा तांदूळ तरी कोठला? बेटावर जिकडे नजर टाकावी तिकडे ऊंस. भाताला जागाच उरली नव्हती. तांदूळ बंगालमधून जहाजानें येई; डाळी, मसाले हेही हिंदुस्थानांतूनच येत. साखर बाहेर जावयाची आणि पोटाचें सारें बाहेरून यावयाचें, असा त्या बेटाचा व्यवहार. त्यामुळें हिंदुस्थानांत दुष्काळ पडला, जहाज लांबलें किंवा वादळ झालें, कीं त्याचा चटका थेट मजुराच्या चुलीला बसे. पगार रुपयांत ठरलेला आणि वर्षानुवर्षें जागचा न हलणारा. भाव मात्र समुद्राच्या लाटांप्रमाणें वरखालीं होणारा. हा रुपयाही हिंदुस्थानचाच. १८७६ सालीं त्या वसाहतीनें पौंडाचें चलन सोडून अधिकृत रीत्या रुपयाचें चलन पत्करलें. मजुरांच्या व्यवहारांत तो त्यापूर्वींपासून होताच.

तांदुळापलीकडचा खर्च दुकानांतून उधार होई. गांवोगांवीं आणि मळ्यामळ्यांजवळ चिनी दुकानदारांनीं दुकानें थाटलीं. तेथें गिऱ्हाइकाच्या नांवाची एक लहानशी वही असे. तेल, खारी मासळी, सुती कापड, काडेपेटी, जें नेलें तें वहींत चढे, आणि पगार झाला कीं खात्यावर भरणा होई. दुकानदाराचा भाव चढा असे, पण अडलेल्या घराला सांभाळून घेणाराही तोच असे. मजुरांचा सरदार, म्हणजे मुकादम, हाही व्याजानें पैसे देई. त्याचें देणें मात्र अधिक जड, कारण सावकार आणि हजेरी घेणारा एकच.

अशा घरावर अचानक संकट कोसळलें म्हणजे काय होत असेल? १८६७ सालीं बेटावर हिंवतापाची भयंकर सांथ आली. हजारों माणसें दगावलीं. पोर्ट लुई शहर ओस पडावयाची वेळ आली. कोयनेल मिळेनासें झालें आणि जें मिळे तें गरिबाला परवडेना. तापानें अंथरुणावर पडलेल्या गड्याची मजुरी बंद, आणि खाडा मांडला गेला तर वर दुहेरी कपात. २९ एप्रिल १८९२ रोजीं झालेल्या चक्रीवादळांत बाराशेंच्या आसपास माणसें गेलीं. उंसाच्या पाचोळ्याचीं छपरें असलेल्या वस्त्यांची काय दशा झाली असेल, तें सांगावयास नको.

तरीही हे संसार उभे राहिले. ते कशावर उभे राहिले, हें पाहूं लागलें म्हणजे स्त्रियांच्या हाताकडे लक्ष जातें. मळ्याच्या हिशेबांत जिचें नांव नव्हतें, तिनें झोंपडीमागच्या तुकड्यांत भाजीपाला लावला, कोंबड्या पाळल्या, शेळी बांधली आणि जमेल तेव्हां गाय घेतली. गाय हें त्या बेटावरच्या हिंदी घराचें खरें भांडवल ठरलें. बांधावरचें गवत फुकटचें. दूध विकलें कीं रोख पैसा. वांसरूं झालें कीं ठेव. पगाराच्या दोन रुपयांवर मळेवाल्याची कात्री चाले. दुधाच्या दोन आण्यांवर ती चालत नसे. जो हिशेब गिरमिटाच्या कागदावर कधींच जुळला नसता, तो या आण्यांनीं जुळविला.

गिरमिट संपलेल्यांचा मार्गही सुकर नव्हता. परतीचें फुकट भाडें देण्याची पद्धत १८५० नंतरच्या दशकांतच बंद झाली होती. जे पदरमोड करून परतले, त्यांतल्या कांहींनीं थोडीबहुत शिल्लक आणली, आणि मळेवाले त्यांचेंच उदाहरण पुढें करीत. जे राहिले, त्यांच्यासाठीं १८६७ सालीं नवा कायदा झाला. प्रत्येक जुन्या मजुरानें स्वतःच्या छायाचित्रासह तिकीट आणि जिल्ह्याचा परवाना सतत जवळ बाळगावयाचा. नसला कीं पोलिसांनीं भटक्या म्हणून पकडावयाचें. तिकीट हरवलें तर नव्याचे पैसे भरा, जिल्हा बदलला तर पुन्हा कचेरीला खेटे घाला. खेप घातली म्हणजे मजुरी बुडाली. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला इतका त्रास द्यावयाचा कीं तो कंटाळून पुन्हा मळ्याकडे वळावा, असा कायद्याचा रोख होता.

त्याविरुद्ध पहिली मोठी तक्रार १८७१ सालीं झाली. अडॉल्फ द प्लेविट्झ या मळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या एका युरोपियन गृहस्थानेंच अर्ज लिहिला आणि त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठे झाले. गोऱ्या मळेवाल्यांनीं त्याच्यावर हात टाकण्यापर्यंत मजल नेली. पण अर्ज दडपतां आला नाहीं. १८७२ सालीं राजाज्ञेनें चौकशी मंडळ नेमलें गेलें आणि १८७५ सालीं त्याचा अहवाल आला. थकलेली मजुरी, मनमानी कपात आणि पोलिसांचा जुलूम, या तक्रारी खऱ्या असल्याचें सरकारी कागदावर उमटलें. १८७८ सालीं कायदा कांहींसा सुधारला. पांच रुपयांच्या संसाराचा हिशेब तेव्हां प्रथम न्यायासनापुढें वाचला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१८८० नंतर साखरेचे भाव पडले आणि मळेवाल्यांनीं कडेच्या, हलक्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या. हप्त्यांनीं पैसे घेऊन दिलेल्या त्या जमिनी विकत घेणारे बहुतेक हिंदी होते. दूध, भाजी आणि सरदारकी यांतून सांठलेला पैसा तेथें मुरला. काळी नदी नांवाचा पश्चिमेकडील जिल्हा आणि वाकोआ गांवाचा परिसर येथें मराठी कुटुंबें अशीच स्थिरावलीं. तेथें ऋतूही उलटे. ऐन श्रावणांत थंडी पडते आणि गणपती येतात ते उंसाच्या तोडणींत. तरी त्यांनीं गणपती सोडला नाहीं आणि कोंकणांतील जाखडीचा नाचही सोडला नाहीं.

इकडे पुण्यांत १९०५ सालच्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पुकारला गेला, आणि त्यांत मोरस साखरही आली. देशी गूळ-साखरेचा तो अभिमान योग्यच होता. पण त्या साखरेंत आपल्याच माणसांचा घाम आहे, ही जाणीव लोकांत पसरावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. ती जाणीव सरकारच्या कायदेमंडळांत मांडणारा पुरुष पुण्याचाच होता.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. म्हणजे ज्या जिल्ह्यानें मॉरिशसला माणसें पुरविलीं, त्याच मातींतला. त्यांचे वडील बंधु पंधरा रुपयांची नोकरी करीत आणि त्यांतले आठ रुपये गोपाळरावांच्या शिक्षणासाठीं धाडीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. रुपया-आण्यांचा संसार काय असतो, तें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. फर्ग्युसन कॉलेजांत अनेक वर्षें शिकविलेला आणि अंदाजपत्रकाचा आंकडा न् आंकडा तपासणारा हा पुरुष ४ मार्च १९१२ रोजीं कायदेमंडळांत उभा राहिला, आणि गिरमिटाची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव त्यानें मांडला. त्यांचा मुद्दा असा कीं, हा करार बरोबरीच्या दोन पक्षांतला नव्हेच. एका बाजूला अडाणी, अडलेला माणूस, ज्याला कुठें जावयाचें आणि काय करावयाचें हेंही नीट सांगितलेलें नसतें. दुसऱ्या बाजूला सत्ता आणि पैसा. शिवाय करार मोडला तर दिवाणी दावा नव्हे, तर फौजदारी शिक्षा. अशा स्थितींत ‘त्यानें खुषीनें अंगठा दिला’ असें म्हणणें ही थट्टा होय. ठरावाच्या बाजूनें २२ मतें पडली, विरुद्ध ३३. ठराव पडला, पण ज्या पद्धतीच्या विरुद्ध देशाचे बिनसरकारी हिंदी सभासद एकवटले, तिचे दिवस भरले होते. मॉरिशसला गिरमिटाची भरती १९१० सालींच थांबली होती. गोखले १९१५ सालीं निवर्तले. १९१६ सालीं मदनमोहन मालवीय यांनीं तोच प्रश्न पुन्हा मांडल्यावर सरकारनें तत्त्व मान्य केलें, आणि १९१७ सालीं सर्वच वसाहतींची भरती बंद पडली.

गोखल्यांचें नांव धारण करणारी अर्थशास्त्राची संस्था १९३० सालीं पुण्यांत निघाली. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं तिनें १९३६-३७ सालीं पुणे शहरांतील कुटुंबांची घरोघर पाहणी केली. कोणाची मिळकत किती, कर्ज किती, हें विचारून टिपून ठेविलें. गिरमिटियांच्या झोंपडींत असा प्रश्न विचारणारा कोणी गेला नाहीं. त्यांचा हिशेब मळ्याच्या हजेरीपटांवरून, मजुरी बुडाल्याच्या तक्रारींवरून आणि चौकशी मंडळाच्या कागदांवरून जुळवावा लागतो. स्त्रियांनीं दुधाच्या आण्यांवर केलेली भर तर त्यांतही पुरती दिसत नाहीं.

१२ मार्च १९६८ रोजीं मॉरिशस स्वतंत्र झालें. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते मजूर उतरले, त्याला आप्रवासी घाट असें नांव असून २००६ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली. २ नोव्हेंबर हा दिवस तेथें मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून पाळतात. गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. शाळांतून मराठी शिकवितात. आणि चलनाला अजून रुपयाच म्हणतात. आप्रवासी मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केल्या आहेत. वह्यांत नंबर, नांव, बापाचें नांव, गांव आणि जहाज हीं ओळीनें लिहिलेलीं. आपलें मूळ शोधणारे वंशज आजही त्या ओळींवरून बोट फिरवितात, आणि त्यांतील कित्येकांचें बोट सह्याद्रीच्या अलीकडच्या-पलीकडच्या एखाद्या गांवाच्या नांवाशीं येऊन थांबतें.